गेटवरची यादी

नागपूरकडच्या माणसाला खर्रा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माझ्या पुण्याच्या जावेला मात्र मी तीनदा सांगितलं आणि तिला अजून तो चिवड्याचा प्रकार वाटतो. सुपारीचा भरडा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घ्यायचा, पानठेलेवाल्याने तो तळहाताखाली घोट घोट घोटायचा, आणि घट्ट बांधलेली पुडी गिऱ्हाइकाने खिशात टाकायची. मग दिवसभर चिमूट चिमूट. तो एकट्याने खायचा नसतो, पुढे करायचा असतो. आमच्याकडे चहाला नाही म्हटलेलं चालतं. समोर धरलेल्या पन्नीला नाही म्हटलं की माणूस शिष्ट ठरतो. मी बावीस वर्षं शिष्ट आहे.

मौद्याच्या पुढे, जिथून वीज केंद्राची धुराडी दिसतात, अशा एका गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. मी तिथली मुख्याध्यापिका. रोज नागपूरहून स्कूटीने जाते आणि वाटभर हेल्मेटच्या आत कोणाशी तरी भांडत जाते. कोणाशी, ते दिवसावर असतं. माझ्या नाकावर राग असतो असं आधी आई सांगायची, आता मुलगी सांगते. मधल्या काळात नवऱ्यानेही सांगून पाहिलं.

तंबाखूमुक्त शाळेचं पत्रक आलं तेव्हा मला आनंद झाला. खर्ऱ्यावर माझा जुना राग होता. आमच्या दुसरी-तिसरीची पोरं मधल्या सुट्टीत दुकान-दुकान खेळताना पन्नीत लाल माती घेऊन घोटत बसायची, अगदी ठेलेवाल्यासारखी मान तिरपी करून. प्रार्थनेला उशीर झालेल्या पोराला विचारलं, काहून उशीर झाला रे, की उत्तर ठरलेलं: "बाबाचा खर्रा आणाले गेलतो." सांगताना त्याला काही वावगं वाटायचं नाही. दूध आणायला गेलो होतो म्हणावं, तसंच.

पत्रकात लिहिलं होतं, शाळेपासून शंभर यार्डांवर पिवळी रेघ मारा. रेघेच्या आत तंबाखू विकायचा नाही. मी सातवीच्या वर्गाला यार्डांचे मीटर करायला लावले आणि हातात सुंभाची दोरी दिली. पोरांनी गेटपासून दोरी धरली, मोजत मोजत गेली, आणि रेघ नेमकी गावातल्या एकुलत्या पानठेल्याखालून गेली. ठेलेवाला फळीवर बसून बघत होता. रंगाचा ब्रश त्याच्याच मुलीच्या हातात होता. सातवीतली सर्वांत हुशार पोर. बापाने पाय वर घेतले, तिने खालून रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेला चार पावलं मागे सरकलेला होता. त्याला चाकं होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "आता आलो ना म्याडम नियमात?" ठेलेवाल्याने अगदी अदबीने विचारलं. गाव दोन दिवस हसत होतं.

मग मी पालकसभा घेतली. सगळ्यांना उजवा हात पुढे करायला लावून तंबाखू सोडायची शपथ दिली. मी शपथ चांगली देते, माझा आवाज त्याला बरा आहे. टाळ्या झाल्या. चहा यायला वेळ होता, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका आजोबांचा हात सवयीने खिशात गेला. पन्नी निघाली, एक चिमूट त्यांनी घेतली आणि पन्नी शेजारी दिली. शेजाऱ्याने पुढे. प्रसादासारखी ती सगळ्या रांगेतून फिरली. कोणी माझी थट्टा करत नव्हतं, हेच मला जास्त लागलं. त्यांच्या लेखी शपथ झाली होती, आता गप्पा मारायच्या होत्या, आणि गप्पा म्हटल्या की पन्नी आलीच. आजोबांनी तर माझ्यापुढेही धरली. "घ्या म्याडम, शपथ मस्त झाली."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चहा देणाऱ्याने किटली खाली ठेवली आणि तो निघून गेला, एवढं सांगते.

त्या रात्री मी माझ्या एका मैत्रिणीला फोन केला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आता ती तोंडाच्या रोगांची डॉक्टर आहे आणि रामदासपेठेत तिचा दवाखाना आहे. तिने एक साधी तपासणी सांगितली. आपलीच तीन बोटं जोडून उभी धरायची आणि तोंडात घालून बघायची. गेली तर ठीक. नाही गेली तर सुपारी-तंबाखूने आतली कातडी आखडायला लागली आहे असं समजायचं आणि डॉक्टरला दाखवायचं.

मी सातवीच्या पोरांना वह्या दिल्या. घरोघर जा, प्रत्येकाची बोटं लिहून आणा. पोरांना काय, गणपतीची वर्गणी मागायला गेल्यासारखी ती उत्साहाने गेली. चार दिवस गावभर माणसं तोंडात बोटं घालून हसत होती. नवरे बायकांना करायला लावत होते, बायका सासूला. इतकं छान चाललं होतं की तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

पण माझ्या डोक्यात ती फिरलेली पन्नी होती. लाज वाटली की सुटेल, असं माझं शास्त्र होतं. पाचव्या दिवशी मी मोठा कार्डशीट घेतला आणि वह्यांमधली सगळी नावं माझ्या वळणदार अक्षरात उतरवली. तीन बोटंवाले हिरव्या शाईत, कमीवाले लाल शाईत. सर्वांत कमी बोटं सर्वांत वर. आणि ती यादी मी शाळेच्या गेटवर लावली.

सर्वांत वर आमची खिचडीवाली काकू होती. दीड बोट.

काकू आमच्या शाळेत पंधरा वर्षं पोषण आहार शिजवते. तिला मागेपुढे कोणी नाही. खाप्याला एक बहीण तेवढी आहे. हसताना ती नेहमी पदर तोंडाला लावायची. मला वाटायचं, लाजते. मी तिचं नाव लिहिलं, दीड लिहिलं, खाली रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं. दीड बोट म्हणजे किती, हे स्वतःच्या तोंडात घालून बघायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकखोलीला कुलूप होतं. पटावरची निम्मी पोरं आली नव्हती. गेटसमोर चार-सहा बाया उभ्या होत्या, त्यातली एक मोठमोठ्याने बोलत होती, मी स्कूटी लावली तशा गप्प झाल्या. कोणीतरी यादीचा एक कोपरा फाडला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी मला अजून गावाचाच राग येत होता.

पोरांना उपाशी ठेवता येत नाही, म्हणून कुलूप उघडून खिचडी मी टाकली. खाली लागली. पोरांनी ती निमूटपणे खाल्ली, आणि पोरं निमूटपणे खातात तेव्हा समजावं. भांडी उचलताना ठेलेवाल्याची मुलगी माझ्याजवळ घुटमळली.

"म्याडम, काकूले तिखट लागते."

"अगं, तिखट सगळ्यांनाच लागतं."

"तसं नाही. तिले साधा भातही झोंबते. वरणात तिखट टाकायच्या आधीच ते आपलं काढून घेते, गार करते अन् पाण्यासंगं गिळते. तिच्या गालात पांढरं हाये. बोटं मोजताना म्या पाह्यलं."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तुमी बोटंच विचारले होते," ती म्हणाली.

मी तिथूनच मैत्रिणीला फोन लावला. दीड बोट ऐकून ती हं म्हणाली. पांढरा चट्टा आणि जळजळ ऐकल्यावर तिने माझं वाक्य मध्येच तोडलं. "तिला घेऊन ये. लवकर." कॅन्सर असेल का, मी विचारलं. "असेल, नसेल. न बघता मी काय सांगू? तुकडा काढून तपासावा लागेल. पण आण तिला."

काकूच्या घरी गेले तेव्हा ती पिशवी भरत होती. खाप्याला बहिणीकडे निघाली होती. मला बघून तिने सतरंजी टाकली, पाणी दिलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"म्याडम, पंधरा वर्षं लेकरं जेवू घातले म्या," ती पदराआडून म्हणाली. "आता लेकराइच्या माया म्हणून राहिल्या, काकूच्या हातचं पोराले देऊ नका, तिच्या तोंडात रोग हाये."

"काकू, यादी माझी चूक होती. पण ते मागून बोलू. आधी डॉक्टरकडे चला. मी येते सोबत."

"जाईन. अन् परत येईन, तं रस्त्याच्या मोडावरच लोक विचारतीन, काय निघालं वं काकू? मले नाही सांगता येत. गावानं एकदा वाचलं, आता पुन्हा वाचतीन." तिने पिशवीची चेन ओढली. "माहीत नाही तोवर बरं हाये. तुमी वाईट नका मानू."

मी बाहेर येऊन स्कूटीवर बसले, पण किल्ली लावली नाही. काकूचं तोंड मी उघडं पाडलं होतं, आणि आता ती ते कोणालाच दाखवणार नव्हती. तिच्या गालात खरंच काही असलं, तर गेलेला एकेक दिवस माझ्या नावावर होता. मला तेव्हा इतकी भीती वाटली, की राग कुठल्या कुठे गेला. तो जाऊ शकतो, हेही मला नवीनच होतं.

परत येऊन मी यादी काढली. पोरांकडून गावात निरोप पाठवला, उद्या सकाळी सभा आहे, शपथ नाही. काकूला एक दिवस थांबायची विनंती केली. ती थांबते म्हणाली, माझ्या शब्दाखातर नाही, एसटी चुकली होती म्हणून.

सभेला पुरुष कमी आणि बाया जास्त आल्या. मी उभी राहिले. भाषण द्यायची मला इतकी सवय, पण त्या दिवशी तीन वाक्यांत संपलं. यादी पोरांनी नाही, मी लावली. ती लावायला नको होती. मला माफ करा. बावीस वर्षांच्या नोकरीत मी हे शब्द शाळेच्या आवारात पहिल्यांदा बोलत होते. काकूच्या आजाराबद्दल मी अक्षर काढलं नाही.

मग मागून ठेलेवाला उठला. मला वाटलं, आता हा चार पावलं मागे सरकल्याचं उट्टं काढणार.

"माह्याच पोरीनं माह्या नावापुढं अडीच बोट लिवलं," तो म्हणाला. "दोन दिवस बोललो नाही मी तिच्यासंगं. मंग आरशात पाह्यलं. बरोबर लिवलं होतं तिनं." लोक हसले. तो थांबला. "आता असं हाये. ज्याले दवाखान्यात जायाचं, त्याले एकट्याले जायाची लाज वाटते. मी नाव घेत नाही. पण एकट्यानं काहून जावं गा? सगळेच जाऊ. जत्रेले जातो तसं गाडी करून. मंग कोणाचं काय निघालं, कोणाले कळते?"

"मी तं खातच नाही," एक बाई म्हणाली. तीच बाई, जी आदल्या दिवशी गेटसमोर सर्वांत मोठ्याने बोलत होती.

"मंग तू पह्यले बस. न खाणारे असले तं समजतच नाही कोणाले."

ही अक्कल मला सुचली नसती. शाळेतली अक्कल नावं लिहून काढायची. ही अक्कल नावं झाकायची होती. सभेत तिथल्या तिथे बारा जण ठरले, शपथ घेऊन पन्नी फिरवणाऱ्या आजोबांसकट. मी तेरावी, आणि चौदावी जागा काकूची. आणखी एक गोष्ट ठेलेवाला जाता जाता बोलला. "अन् उद्यापासून लेकराच्या हाती मी खर्रा देणार नाही. ज्याले पाह्यजे त्यानं सोता यावं." माझी पिवळी रेघ जे करू शकली नव्हती, ते याने दोन वाक्यांत केलं. ठेला त्याने बंद केला नाही. तो अजूनही खर्रा विकतो, मला ते अजूनही आवडत नाही, आणि आता आम्ही एकमेकांना रोज नमस्कार करतो.

काकूला सांगायला त्याची मुलगी गेली. "काकू, सगळे जाऊन राहिले, तू काहून नाही येत?" काकू काही दूधखुळी नव्हती. सगळं गाव एकाएकी दात दाखवायला का निघालं, ते तिला पहिल्या क्षणी कळलं. तिने पिशवीतली लुगडी काढून पुन्हा दांडीवर टाकली आणि विचारलं, गाडी किती वाजता हाये.

रविवारी सकाळी काळीपिवळी निघाली. जीप नऊ जणांची, आम्ही चौदा. पारडीच्या गर्दीत अडकलो तेव्हा आजोबांच्या मांडीवर दोघं होते. मैत्रिणीला मी सगळं आधी सांगून ठेवलं होतं. तिने बेत माझ्यापेक्षा पक्का केला. प्रत्येकाला एकेकटं आत घ्यायचं, प्रत्येकाला सारखाच वेळ. एका आजीबाईंच्या तोंडात एकही दात नव्हता, त्यांनाही तिने तेवढाच वेळ आत बसवून ठेवलं. आजी बाहेर येऊन म्हणाल्या, डॉक्टरीण चांगली हाये पण बोलते लय.

काकू नववी होती. तिच्या गालातला तुकडा काढला, म्हणून तिथे कापूस धरून ठेवावा लागला. ती बाहेर आली, गाल फुगलेला, डोळे खाली. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे गेल्या आणि लगेच दुसरीकडे वळल्या. आता कळलंच की, असं मला वाटलं.

तेवढ्यात ठेलेवाला उठला आणि दार न ठोठावता आत डोकावला. "डॉक्टरीणबाई, मले कापूस नाही दिला तुमी."

"तुम्हाला कशाला? तुमचं झालं ना?"

"द्या ना बावा. सगळ्याइले द्या."

मैत्रिणीने कापसाचं बंडलच उघडलं. परतीच्या वाटेवर चौदा माणसं गालात कापूस धरून बसली होती. कोणाला बोलता येत नव्हतं, आणि आजोबांना तर खर्राही खाता येत नव्हता. पारडीच्या सिग्नलला शेजारच्या ऑटोतले लोक आमच्याकडे बघत राहिले. मला हसू आवरेना, आणि कापूस धरून हसताही येईना.

रिपोर्टला आठ दिवस होते. तुकडा फक्त काकूचा काढला आहे हे काकूला आणि मला ठाऊक होतं, तिनेच मैत्रिणीला मला सांगायची परवानगी दिली होती. सोमवारी ती कामावर आली. गेटसमोर बोललेली ती बाई सकाळीच सूप घेऊन आली आणि काहीही न बोलता काकूशेजारी तांदूळ निवडायला बसली. काकूनेही काही विचारलं नाही, थोडी सरकून जागा दिली.

मैत्रिणीने सगळ्यांना आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांच्या जुड्या दिल्या होत्या. दातांमध्ये आडव्या काड्या एकावर एक रचून धरायच्या, सोसेल तशी दर काही दिवसांनी एक वाढवायची. आखडलेलं तोंड हळूहळू मोकळं होतं. घरी करायला लाज वाटते म्हणून लोक शाळेच्या व्हरांड्यात यायला लागले. सकाळी प्रार्थनेच्या वेळी एका बाजूला पोरं आणि दुसऱ्या बाजूला तोंडात काड्या धरलेले त्यांचे बाप, आजोबा, काकू. सातवीची पोरं त्यांच्या काड्या मोजायची आणि वहीत लिहायची. ती वही मी कपाटात ठेवायची आणि किल्ली माझ्याकडे ठेवायची नाही, असं पोरांनी ठरवलं. मी मान्य केलं.

त्या आठ दिवसांत हेल्मेटच्या आत मी कोणाशीच भांडले नाही. रिपोर्ट वाईट आला तर, याच्या पुढे विचार जात नव्हता. चांगला आला तरी यादी मीच लावली होती, हे काही पुसलं जाणार नव्हतं. तरी चांगलाच येऊ दे, असं मी देवाला म्हणत होते. देवाकडे मी एरवी फारशी जात नाही, त्यामुळे जरा ओशाळवाणं वाटत होतं, पण म्हणत होते.

पुढच्या रविवारी पुन्हा चौदाच्या चौदा निघालो. रिपोर्ट एकाच माणसाचा असला तरी ठरलं ते ठरलं. दवाखान्यात काकूचा नंबर आला तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि मला आत ओढलं. तिची बोटं गार होती.

मैत्रिणीने कागद उलटला. "कॅन्सर नाही."

काकू हलली नाही. "परत सांगा."

"काकू, कॅन्सर नाही. तो पांढरा चट्टा खर्ऱ्याचा आहे. खर्रा आजपासून बंद, अगदी चिमूटसुद्धा नाही. दर तीन महिन्यांनी मला दाखवायचं. तोंड पूर्ण उघडेल असं मी सांगत नाही, पण आहे त्यापेक्षा बरं होईल. आणि वेळेवर आलात."

"अजून एकदा सांगा."

मैत्रिणीने तिसऱ्यांदा सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ मी सगळ्यांदेखत करत नाही ते केलं. काकूने माझ्याकडे वळून पाहिलं.

"म्याडम, तुमी काहून रडून राहिल्या? तोंड माहं हाये."

ठरल्याप्रमाणे मैत्रीण बाकीच्यांनाही एकेक करून आत बोलावणार होती. पण काकू थांबली नाही. ती बाहेर गेली, बारा जणांसमोर उभी राहिली, आणि ज्या बाईला मोडावर एका माणसाला सांगता आलं नसतं, ती भर दवाखान्यात म्हणाली, "माहं काही नाही निघालं. कॅन्सर नाही मले."

मग ठेलेवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या. "अवं, तुले बी काही होतं काय काकू? आमाले तं माहीतच नाही."

"नाही ना बापा," आजोबा म्हणाले.

"खोटारडे सारे," काकू म्हणाली. पदर तिने तोंडाला लावला नव्हता.

परत येताना दुपार झाली होती. पारडी ओलांडेपर्यंत काकूचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तिला झोप लागली होती. मी खांदा हलवला नाही. पुढच्या सीटवर आजोबा गोष्ट सांगत होते, त्यांचा आवाज त्यांनी आपणहून खाली आणला. यादी लागल्यापासून काकू नीट झोपली नसणार, हे मला तेव्हा सुचलं. तिच्या घशातून बारीक घोरणं येत होतं, आणि ते ऐकताना मला इतकं हलकं वाटत होतं की रस्ता संपू नये असं वाटलं.

गाडी शाळेसमोर थांबली. रविवार असूनही गेटपाशी पोरं जमली होती. ठेलेवाल्याची मुलगी धावत आली आणि काही ओरडणार, तोच तिच्या बापाने खिडकीतून हात काढून तिला गप्प केलं. तिने काकूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही नाही निघालं, मी ओठांनीच सांगितलं. ती वळली, पोरांच्या कानात कुजबुजली, आणि सगळी पोरं तिथल्या तिथे, आवाज न करता, उड्या मारायला लागली.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. टपावर ऊन रणरणत होतं, आत आम्ही घामाने निथळत होतो, आणि कोणाचं घर तिथून दोनशे पावलांच्या पलीकडे नव्हतं. काकू जागी होईपर्यंत एकही जण खाली उतरला नाही.